सागवानी पेटीतलं टर्नटेबल घुमतंय, कंपन नेमकं येतंय कुठून?

पराटी

मंडळी, तीन आठवडे झाले, एका घुमाऱ्यानं झोप उडवली आहे. जरा सविस्तर लिहितो, अर्धवट माहितीवर तुम्ही तरी काय सांगणार.

मशीन म्हणजे तबकड्या वाजवायचं टर्नटेबल, टेक्निक्स कंपनीचं एसएल-१२०० मार्क टू. नागपूरच्या एका जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतलं. मोटार ठणठणीत, आर्मचे (सुई धरणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग छान, पण खालचं रबरी बूड एका कोपऱ्यात फाटलेलं आणि चारातले दोन पाय गायब. आमचा जुना वाडा पाडला तेव्हा चौकटींचं सागवान जपून ठेवलं होतं. गावातल्या सुतारकाकांनी त्याची देखणी पेटी करून दिली. अ‍ॅल्युमिनियमचा वरचा भाग तसाच ठेवला, रबरी बूड काढलं आणि पेटीला खालून सहा मिलिमीटरचं प्लाय मारलं. ट्रान्सफॉर्मर बाहेर काढून वेगळ्या डब्यात ठेवला. पायांच्या जागी आर्वीच्या लेथवाल्याकडून पितळेचे टोकदार पाय करून घेतले.

खोली जुन्या पद्धतीची आहे: दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू, खाली काळ्या मातीवर शहाबादी फरशी. एका भिंतीला कडप्प्याचा ओटा आहे. त्यावर मधोमध टर्नटेबल आणि दोन टोकांना स्पीकर.

त्रास दोन प्रकारचा आहे. शांत आलाप सुरू असला की तंबोऱ्याच्या खाली एक बारीक घरघर सतत ऐकू येते. आणि आवाज थोडा वाढवला की डग्ग्याच्या घुमेनंतर ‘ऊंऽऽ’ असा आवाज उठतो आणि वाढतच जातो, बटण मागे फिरवेपर्यंत थांबत नाही. वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) पडदा तर गाणं नसतानाही आत-बाहेर हलताना डोळ्यांना दिसतो.

पेटीवर दोन विटा ठेवून पाहिल्या, रबरी मॅटवर दुसरी मॅट घातली, टोकदार पायांखाली नाणी ठेवली. फरक शून्य, उलट विटांनी ‘ऊं’ लवकर सुरू होतो असं वाटलं. हे टेबल मी वडिलांच्या तबकड्यांसाठी घेतलं. ते गेले तेव्हापासून पेटाऱ्यात पडून होत्या. त्यामुळे हे मनापासून नीट करायचं आहे.

सोल्डरगन

पराटीभाऊ, काहीही लावण्याआधी शोधून काढा. मॅट, विटा, नाणी हे सगळं उपचार झाले, निदान अजून झालेलंच नाही. चार गोष्टी क्रमानं करा आणि प्रत्येकीचं उत्तर इथं लिहा.

पिन, म्हणजे सुई, तबकडीवर असताना घरघर ऐका आणि मग आर्म उचला. घरघर गेली तर ती कंपनाची. तशीच राहिली तर ती विजेची आहे, म्हणजे अर्थिंग किंवा शिल्डिंग बघावं लागेल. तुमच्याकडे काळी माती आहे म्हणून मुद्दाम सांगतो. उन्हाळ्यात ती भेगाळते, अर्थिंगच्या रॉडपासून सुटते आणि कोरडी पडते. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकून फरक पडतो का, तेही बघून घ्या.

दुसरं, टर्नटेबलचा स्विच बंद करा, थांबलेल्या तबकडीवर पिन टेकवा, आवाज नेहमीइतका ठेवा आणि ओट्यावर बोटाच्या पेरानं हलकेच ठोका. मग पेटीवर, मग पेटीच्या बुडावर. स्पीकरमधून कसा आवाज येतो ते लक्षात ठेवा. बद्द आवाज चांगला, घुमणारा वाईट.

तिसरी चाचणी डायरेक्ट ड्राइव्हसाठी, म्हणजे मोटारच थेट थाळी फिरवते अशा टेबलासाठी, मला सगळ्यात मोलाची वाटते. टर्नटेबलची वीज बंद ठेवून प्लॅटर (तबकडीखालची फिरती थाळी) हातानं साधारण वेगात फिरवा आणि सुरुवातीच्या कोऱ्या खाचेत पिन सोडा. घरघर गेली तर दोष मोटारीचा किंवा तिच्या सर्किटचा. राहिली तर बेअरिंग, तबकडी किंवा बाहेरचं काही. बेल्टच्या टेबलात मोटार लांब असते, पण मार्क टूमध्ये मोटारीचं चुंबक थेट प्लॅटरच्या बुडाला बसवलेलं असतं. प्लॅटर म्हणजेच रोटर, मोटारीचा फिरणारा भाग. मोटारीत काही कुरकुर असेल तर ती पिनपर्यंत पोचायला वाटेत काहीच अडवणारं नाही.

चौथं, मोबाईलवर फायफॉक्स टाका. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात बनलेलं मोफत ॲप आहे. त्यात त्वरणाचा स्पेक्ट्रम दिसतो, म्हणजे सेकंदाला किती वेळा (किती हर्ट्झची) थरथर किती जोरात आहे त्याचा आलेख. मोबाईल पेटीवर ठेवा (प्लॅटरवर नाही) आणि कुठल्या आकड्याला उंचवटा येतो ते बघा. मोबाईलचा सेन्सर सेकंदाला २०० नोंदी घेत असेल तर १०० हर्ट्झपर्यंतचंच दिसेल, पण तुम्हाला तेवढं पुरे.

आणि वूफर हलतो याचं कारण ध्यानात ठेवा. फोनो प्रीअँप (पिनचा क्षीण आवाज वाढवणारं सर्किट) १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा आवाज सुमारे नऊ पट वाढवतो, कारण तबकडी कोरताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात. ही पद्धत १९५४ मध्ये ठरली आणि पुढं सगळीकडे एकच झाली. म्हणून जमिनीतली बोटानंही न जाणवणारी थरथर स्पीकरमध्ये एवढी मोठी होऊन येते.

पराटी

सोल्डरगनदादा, कालची रात्र यातच गेली. उत्तरं देतो.

आर्म उचलली की घरघर पूर्ण जाते. म्हणजे अर्थिंग ठीक आहे. तरी खड्ड्यात पाणी टाकलं, फार दिवस टाकलं नव्हतं.

ओट्यावर ठोकलं तर ‘ठक्’. पेटीच्या बाजूवर ठोकलं तर ‘टण्’, थोडा वेळ रेंगाळणारा. पण बुडाच्या प्लायवर खालून बोट मारलं आणि स्पीकरमधून अक्षरशः ढोलकी वाजली. आवाज बोटाच्या मागून कितीतरी वेळ येत राहिला. मी तीन वेळा मारून बघितलं, विश्वास बसेना.

हातानं प्लॅटर फिरवून घरघर गेली नाही, तशीच होती. मोटार निर्दोष ठरली याचा फार आनंद झाला.

मोबाईल ठेवला तर २३ आणि २४ हर्ट्झच्या मध्ये एक सुळका उभा आहे. टेबल चालू असो, बंद असो, तो हलत नाही. हे काय असावं?

चक्कीवाला

भाऊ, तुमच्या खोलीत कुलर हाये का? खिडकीत बसवेल?

मी पंधरा वर्षं चक्की चालवून राहिलो, थरथर कुठून येते ते पायांनं कयते मले. कुलरच्या पंख्याची मोटार चार पोलची राहते. कागदावर मिनिटाले १५०० फेरे, पण पंखा लागला का १४०० च्या आसपास येते. १४०० ले ६० नं भागा. २३ च्या वर येते का नाई पाय.

खिडकीच्या गजाले कुलर अटकवला का गज, चौकट, भित आन् भितीले लागून असलेला ओटा, सगयं एक होते. पंख्याच्या पात्यावर पाण्याचा क्षार जमला आन् तो एकीकडं जास्त झाला का पंखा लचकत फिरते. तो क्षार खरवडून पाय पहिले. आन् कुलर गजापासून सोडव. लोखंडी स्टँड कर, त्याचे पाय आंगणात जमिनीवर टेकू दे, खिडकीले नुसता तोंड लावून ठेव. मधात फोमची पट्टी.

आमच्या चक्कीचं फाउंडेशन मी घराच्या भितीपासून सोडून घेतलं हाये. खड्डा खोदला, त्यात काँक्रीट टाकलं, आन् चारी बाजूनं चार बोटं जागा सोडून तिच्यात कोरडी रेती भरली. चक्की चालू असली तरी लागून असलेल्या खोलीत पाण्याची वाटी हालत नाई. तुमचं मशीन तर नाजूक हाये, त्याले हे जास्तच लागते.

पराटी

चक्कीवाले भाऊ, तुमचे पाय धरावेत असं वाटतं. कुलर बंद केला, सुळका गायब. चालू केला, पुन्हा हजर. मार्चच्या शेवटी कुलर लावला आणि एप्रिलपासून घरघर सुरू झाली, हे मला आत्ता, तुमचं वाचल्यावर सुचलं. मी मात्र दोष पेटीत शोधत होतो.

पण बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत कुलर बंद ठेवून गाणं ऐकणं शक्य नाही, आई त्याच खोलीत झोपते. उद्याच वेल्डिंगवाल्याकडे जातो.

देवळीतला_दिवा

मी यवतमाळ जिल्ह्यातली, माहेरच्या मातीच्या घरातच राहते. एक वेगळं सुचवू का? ओटा सोडूनच द्या. तुमच्याकडे दीड हात जाडीची भिंत आहे, ती काही थरथरणारी नाही. कुलर नसलेल्या आतल्या भिंतीत देवळी असेल तर तिच्या तळाशी फरशीचा जाड तुकडा मातीत पक्का बसवा आणि टेबल तिथं ठेवा. माझं साधं बेल्टचं टेबल गेली सहा वर्षं देवळीत आहे. लेकरं खोलीत उड्या मारतात, पिन उडत नाही.

आणि वजन वाढवाच. पेटी रेतीनं भरून टाका, पंधरा-वीस किलोची करा. जड वस्तू हलत नाही हा साधा हिशोब आहे.

सोल्डरगन

ताई, देवळीची कल्पना फार चांगली आहे, पराटीभाऊंच्या मार्क टूची रुंदी ४५ सेंटिमीटरच्या वर आहे, तेवढी देवळी असेल तर जरूर करावी.

वजनाबद्दल मात्र मी सहमत नाही, आणि हे जरा खोलात सांगतो, कारण याच ठिकाणी बहुतेकांचे पैसे वाया जातात. वजन वाढवल्यानं वस्तूचा नैसर्गिक सूर (ज्या हर्ट्झला ती आपोआप थरथरते तो) खाली जातो, सूर नाहीसा होत नाही. विटा ठेवल्यावर ‘ऊं’ लवकर सुरू झाला असं भाऊ म्हणतात, ते मला पटतं. प्लायचा सूर खाली सरकून डग्ग्याच्या आणखी जवळ गेला असणार. टोकदार पायांचंही तसंच. त्यांना लोक ‘आयसोलेशन’ म्हणतात, पण ते तर टेबलाला ओट्याशी घट्ट जोडतात. ओटा हलला की टेबल हललंच.

जमिनीची थरथर अडवायची तर जड वस्तू मऊ आधारावर हवी. स्प्रिंगचं गणित सोपं आहे: वजनानं स्प्रिंग किती मिलिमीटर दबली त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्यानं भागा. एक मिलिमीटर दबली तर सूर १५.८ हर्ट्झ, दहा मिलिमीटर दबली तर ५ हर्ट्झ. अडवणं सुरू होतं ते त्या सुराच्या १.४ पटीच्या वर. त्याच्या खाली आधार काहीच अडवत नाही आणि ऐन सुराशी तर थरथर वाढवतो. पातळ रबराचा तुकडा पायाखाली ठेवून २३ हर्ट्झ का थांबत नाही, ते यातून कळेल. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर दबतो. उलट ५ हर्ट्झच्या आधारावर २४ हर्ट्झची थरथर विसाव्या हिश्श्यावर येते.

आता आर्म बघा. कार्ट्रिज (आर्मच्या टोकाचा, पिन बसवलेला भाग) कोणतं आहे?

पराटी

ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई. वजन ६.१ ग्रॅम. सुईवर दोन ग्रॅम दाब ठेवतो.

सोल्डरगन

छान. मार्क टूच्या आर्मचं परिणामी वजन (हलताना पिनला जाणवतं ते) १२ ग्रॅम, त्यात कार्ट्रिज आणि स्क्रू धरून १९. या पिनची लवचिकता कंपनी १०० हर्ट्झला ७ देते. जपानी कंपन्या १०० ला मोजतात, आपल्याला १० हर्ट्झची हवी, म्हणून दीड ते दोन पट करायची. साडेदहा ते चौदा धरा. आता १५९ ला वजन गुणिले लवचिकता याच्या वर्गमुळानं भागायचं. उत्तर ९.७ ते ११.३ हर्ट्झ. ८ ते १२ च्या मध्ये हवं असतं, तुमचं अगदी मधोमध आहे. तबकडीचा वाक १.८ सेकंदात एक फेरा करतो, म्हणजे त्याची हालचाल बरीच खाली, आणि गाणं सुरू होतं २० च्या वर. आर्मचा सूर दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत बसला आहे. आर्मला हात लावू नका.

यावरून आधाराचा सूरही ठरतो. तो १० च्या आसपास आला तर आर्म आणि आधार एकमेकांना चेतवतील. म्हणून ४-५ हर्ट्झ गाठा. स्वस्तातला उपाय म्हणजे लहान मुलांच्या सायकलची ट्यूब, त्यावर कडप्प्याचा जाड तुकडा, त्यावर टेबल. इथं मात्र वजन हवं, ताई, तुमचं म्हणणं या जागी बरोबर आहे. ट्यूबला स्प्रिंगचं सूत्र नीट लागू पडत नाही, हवेचा दाब आकारानुसार बदलतो. म्हणून मोजायचं मोबाईलनं. फरशीवर मोबाईल ठेवून फरशी किंचित दाबून सोडा, पहिला उंचवटा कुठं येतो ते बघा.

कवेलू

एक विचारू? मूळ रबरी बूड कुठं आहे? फेकलं तर नाही ना?

१९७२ चं पहिलं एसएल-१२०० घरात ऐकण्यासाठी होतं. पुढं ते डिस्कोत गेलं, मोठ्या स्पीकरच्या शेजारी ठेवलं जाऊ लागलं आणि नेमका हाच ‘ऊं’ सुरू झाला. १९७९ ला मार्क टू काढताना कंपनीनं ढाचाच बदलला. वर ओतीव अ‍ॅल्युमिनियम आणि खाली जाड, जड रबराचं बूड. अ‍ॅल्युमिनियम वाजतं, रबर ते गिळतं, दोघं मिळून गप्प बसतात. तुम्ही गिळणारं काढून त्या जागी सागवान लावलंत. सागवान सुंदर लाकूड आहे, पण पेटीवाले हार्मोनियमसाठी ते आवडीनं वापरतात, ते काय गप्प बसण्यासाठी? सुतारकाकांची काही चूक नाही, त्यांना तुम्ही पेटी सांगितली, त्यांनी पेटी केली.

पराटी

बूड गोठ्याच्या माळ्यावर आहे. कवेलूभाऊ, तुमचं वाचून मी तडक शिडी लावली. एक कोपरा फाटलाय, बाकी शाबूत आहे. रविवारी सगळं एकदमच करतो आणि लिहितो.

पराटी

आज सोमवार. कालचा दिवस लिहितो.

सकाळी कुलर. पाती काढली तर एका पात्यावर क्षाराचा नखभर जाड थर. चिंचेच्या पाण्यानं भिजवून खरवडला. नवा स्टँड आंगणात ठेवला, कुलरचं तोंड खिडकीपासून दोन बोटं लांब, मध्ये फोम. सुळका अर्ध्याहून खाली आला. एवढ्यानंच शांत आलापातली घरघर मला तरी ऐकू येईना.

दुपारी पेटी. सुतारकाका स्वतः आले. त्यांना फाटलेलं बूड दाखवलं, त्यांनी ते हातात घेऊन वजन केलं, अंगठ्यानं दाबलं, टिचकी मारली, आणि म्हणाले, “हे मुकं हाये. आपली पेटी बोलते.” मग स्वतःच प्लाय उचकटून काढलं. फाटका कोपरा आतून रबराच्या तुकड्यानं आणि चिकटद्रव्यानं जोडला. बूड जुन्या जागी स्क्रूनं परत बसवलं. सागवान आता फक्त बाहेरची चौकट आहे, अ‍ॅल्युमिनियमला कुठंही टेकत नाही, मधून पोस्टकार्ड सरकतं. दिसायला पेटी तशीच. काकांना वाईट वाटेल अशी भीती होती, पण ते संध्याकाळपर्यंत थांबले.

बसवताना मोटारीच्या तीन स्क्रूंपैकी एक अर्धा फेरा सैल सापडला. तो कसला.

शेवटी आधार. ओट्याचा उरलेला कडप्पा, ४५ बाय ३५, तीन सेंटिमीटर जाड, जवळपास १३ किलो. खाली बारा इंची सायकलची ट्यूब. टोकदार पाय काढले, सध्या रबराचे साधे पाय आहेत. स्पीकर ओट्यावरून उतरवून वेगळ्या लाकडी घोड्यांवर ठेवले. पहिल्यांदा ट्यूब टणक फुगवली होती तेव्हा उंचवटा ९ च्या जवळ आला आणि वाकलेल्या तबकडीवर पिन चक्क नाचली. अर्धी हवा सोडली, ४.५ वर आणलं.

थांबलेल्या तबकडीवर पिन टेकवून बुडावर बोट मारलं. ‘बद्’. संपलं. काकांनीही मारून बघितलं.

मग वडिलांची कुमार गंधर्वांची तबकडी लावली. तंबोरा सुरू झाला आणि त्याच्या खाली काही नव्हतं. आई आतून येऊन दारात उभी राहिली, बाजू संपेपर्यंत बसली नाही. डग्ग्याची घुम उठते आणि विझते, तिच्या मागं काही रेंगाळत नाही. आवाजाचं बटण पूर्वीपेक्षा दोन घरं पुढं नेलं तरी ‘ऊं’ नाही.

चक्कीवाला

लय बेस झालं भाऊ. पाती दर महिन्याले खरवडत जाय, आपल्या इकडलं पाणी खारं हाये.

देवळीतला_दिवा

वाचून डोळे भरले. एक शंका. माझ्या टेबलाखाली मीही ट्यूब घालावी म्हणते, पण तिची हवा हळूहळू जाते ना? मग टेबल तिरकं होत असेल.

पराटी

होतं ताई. एका आठवड्यात दोन मिलिमीटर बसलं. ट्यूबचा व्हॉल्व्ह ओट्याच्या पुढच्या बाजूला काढून ठेवा म्हणजे फरशी न उचलता पंप लावता येतो. प्लॅटरवर पाणसळ ठेवून बघायची, आडवी आणि उभी, दोन्हीकडून. टोनआर्मच्या बाजूला वजन जास्त असतं, त्यामुळे टेबल फरशीच्या मधोमध ठेवलं तर कलतं. माझं डावीकडे तीन बोटं सरकवल्यावर सरळ बसलं. आणि आपली काळी माती पावसात फुगते, ओटाच थोडा उचलला जातो. त्यामुळे पहिला मोठा पाऊस झाला की एकदा आणि दिवाळीच्या सुमारास जमीन वाळली की पुन्हा, अशी दोनदा पाणसळ लावायचं मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.